बोटुकलीचा कणा : प्रस्तावना

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागले की झरी येते. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा यांचा हा टापू. एका अंगाला दुधना, दुसऱ्या अंगाला पूर्णा. मासा या भागाला नवा नाही, पण तो नदीचा, येलदरीच्या जलाशयाचा, भोयांच्या जाळ्यातला. शेतकऱ्याने आपल्याच रानात मासा वाढवायचा हा प्रकार मात्र अलीकडचा. 2016 मध्ये राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, काळ्या रानात खड्डे झाले, त्यांना प्लॅस्टिकचे अस्तर लागले, आणि उन्हाळ्यासाठी साठवलेल्या पाण्यात रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस सोडून चार पैसे मिळतात का ते पाहणे ओघानेच आले. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून बीज येते, तळ्यात सुटते, आणि काही महिन्यांनी जाळे ओढले की चांगल्या माशांत काही वेगळे निघतात. एखाद्याला कुबड, एखाद्याचे शेपूट एका अंगाला वळलेले, एखाद्याच्या कल्ल्यावरचे झाकण अर्धेच, लाल कल्ले उघडे पडलेले. व्यापारी त्यांना बाजूला काढतो. शेतकरी म्हणतो, बीजच खराब होते. बीज देणारा म्हणतो, तुमचे पाणी खराब.

हे पुस्तक त्या दोघांच्या वादात पडण्यासाठी लिहिले आहे. वाद सुटण्याजोगा आहे असे मला वाटते, कारण माशाच्या हाडातल्या बिघाडाला वय असते. तो केव्हा झाला हे पुष्कळदा सांगता येते, आणि केव्हा ते कळले की कुठे आणि कशामुळे हे प्रश्न आवाक्यात येतात.

त्यासाठी आधी कणा घडतो कसा ते पाहावे लागते. रोहूचे अंडे 27-30 अंश तापमानाच्या पाण्यात साधारण 14 ते 18 तासांत फुटते. बाहेर पडणाऱ्या जीवाला हाड म्हणून काही नसते; पाठीतून एक लवचीक दोरी गेलेली असते, पृष्ठरज्जू. पोटाला लटकलेल्या पिवळ्या पिशवीवर तो तीन दिवस काढतो. मग तोंड उघडते आणि तो बाहेरचे खाऊ लागतो. याच अवस्थेत त्याला मत्स्यजिरे म्हणतात, लांबी सहा-आठ मिलिमीटर. पुढच्या पंधरा-वीस दिवसांत तो इंचभराचा होतो, आणि तेवढ्यात पृष्ठरज्जूभोवती एकेक कडे खनिजाने भरत मणके तयार होतात, जबडा आणि कल्ल्याचे झाकण आकार घेते, पर बसतात. बोटाएवढा होईतो दोन-तीन महिने गेलेले असतात. म्हणजे शेततळ्यात बोटुकली पोचते तेव्हा तिच्या सांगाड्याची मांडणी पुरी झालेली असते. शेतकऱ्याच्या पाण्यात मणके वाढतात, पण मांडले जातात ते दुसऱ्याच्या पाण्यात, आणि ते पाणी त्याने बहुधा कधी पाहिलेलेही नसते.

ही फारकत कशी झाली हे समजायला भारतीय मत्स्यशेतीच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात विणत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे 1957 पर्यंत बीज म्हणजे नदीतून गाळून आणलेले जिरे, आणि त्यात कोणकोणत्या जातींची सरमिसळ असेल याचा नेम नसे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या कार्प कुळातल्या माशांना तळ्यात विणायला लावले. तो दिवस आज देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. पुढे चिनी पद्धतीच्या गोल हॅचऱ्या आल्या, आणि ग्रंथी गोळा करण्याचा खटाटोप संपवणारी तयार इंजेक्शने आली. बीज मुबलक झाले. बंगालचे जिरे विमानाने किंवा रेल्वेने महाराष्ट्रात येऊ लागले. हा खरोखर मोठा पराक्रम होता आणि त्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण नदीत हजारो माद्या विणत. हॅचरीत काही डझन पुरतात. एका मादीच्या पोटी लाखांनी अंडी असतात, तेव्हा जास्त जोड्या कशाला सांभाळायच्या, हा हिशेब हॅचरीवाल्याच्या दृष्टीने चुकीचा नाही.

त्याची किंमत एकनाथ आणि डॉइल या संशोधकांनी मोजून दाखवली. कर्नाटकातल्या हॅचऱ्यांची पाहणी करून 1990 मध्ये त्यांनी लिहिले की नात्यातल्या नात्यात पैदास होण्याचे प्रमाण दर पिढीला 2 ते 17 टक्क्यांपर्यंत आहे. ‘बीज खराब’ या तक्रारीला शास्त्राचा आधार मिळाला तो इथे. तरी इथेच सावध राहायला हवे. नात्यातली पैदास वाढली म्हणजे वाढ मंदावते, पिले मरतात, हे पक्के आहे. वाकड्या कण्याचा दोष मात्र दर वेळी तिच्या माथी मारता येत नाही. वेगवेगळ्या माशांत विकृतीची आनुवंशिकता तपासली गेली तेव्हा ती कुठे नगण्य, कुठे मध्यम निघाली. आपल्याकडे मात्र कुबड दिसले की ‘इनब्रीडिंग’ म्हणून मोकळे होण्याची सवय पडली आहे. अशा निदानात कोणालाच काही करावे लागत नाही, म्हणून ते लोकप्रिय आहे.

या विषयाचा जगातला प्रवास कुतूहलापासून सुरू होतो. दोन डोक्यांचे, दोन शेपटांचे, पाठ मोडलेले मासे बरण्यांत भरून ठेवण्याचा एक काळ होता. ग्लासगोच्या जेम्स गेमिल यांनी 1912 मध्ये माशांच्या जन्मजात विकृतींवर अख्खे पुस्तक लिहिले, ते त्या काळाचे शिखर. आपल्या प्राणिशास्त्राच्या नियतकालिकांत ‘अमुक नदीत सापडलेला विकृत रोहू’ अशी टिपणे पुढेही बरीच वर्षे येत राहिली. त्यांचा उपयोग मर्यादित आहे. एका माशावरून कारण कळत नाही, आणि निसर्गात असे मासे दिसतात त्याहून कितीतरी जास्त जन्मत असणार; बगळा आणि मरळ त्यांना मोठे होऊ देत नाहीत. हॅचरीत शत्रू नाही, म्हणून ते जगतात आणि आपल्याला दिसतात. शेतीतल्या विकृतीची तुलना नदीशी करताना हे विसरले की आकडे फसवतात.

विषय शास्त्र झाला तो सांगाडा न फोडता पाहता येऊ लागला तेव्हा. पिलाचे मांस पारदर्शक करायचे, कूर्चा निळ्या रंगाने आणि हाड लाल रंगाने रंगवायचे, ही पद्धत 1977 मध्ये डिंगरकस आणि ऊलर यांनी सुटसुटीत केली, आणि सेंटिमीटरभर पिलाचा एकेक मणका मोजता येऊ लागला. तोवर बाहेरून सरळ दिसणारी पुष्कळ पिले आतून बिघडलेली असतात हे फारसे कोणाच्या लक्षात आले नव्हते. 2009 मध्ये विटन आणि सहकाऱ्यांनी अटलांटिक सामनच्या कण्यातल्या विकृतींचे 20 प्रकार लावून दिले. मणके जुळणे, दबणे, आखूड होणे, सरकणे असे ते प्रकार, आणि त्यातले बरेच बाहेरून दिसत नाहीत. डोळ्यांना दिसतात ते ढोबळ तीनच: कुबड म्हणजे कायफोसिस, पाठ आत जाणे म्हणजे लॉर्डोसिस, बाजूला वाक म्हणजे स्कोलिओसिस.

कारणांच्या शोधात पहिली मोठी वाट पोषणाची. माणसाला क जीवनसत्त्व मिळाले नाही तर स्कर्व्ही होतो. बहुतेक हाडी माशांनाही ते शरीरात बनवता येत नाही. हाडाचा आधार कोलॅजन, आणि त्याचे धागे घट्ट विणायला हे जीवनसत्त्व लागते. ते नसले की मणका भार सोसत नाही. अमेरिकेत तळ्यांतल्या कॅटफिशला ‘मोडक्या पाठीचा’ रोग जडला त्याचे मूळ हेच निघाले. भारतात जयपूरच्या राजस्थान विद्यापीठात महाजन आणि अगरवाल यांनी मरळकुळातल्या माशावर आणि मग मृगळाच्या पिलांवर क जीवनसत्त्वाचे प्रयोग केले. मृगळावरचा त्यांचा निबंध 1980 चा. आपल्या स्वतःच्या माशावरचे, आपल्या देशात झालेले हे काम विद्यार्थ्यांना नॉर्वेच्या सामनइतके माहीत नसते, याचे मला वाईट वाटते.

आता हे झरीच्या तळ्याला लावून पाहा. मातीच्या तळ्यात शेण घातले की पाणी हिरवे होते, प्लवक वाढते, आणि त्यातून पिलाला क जीवनसत्त्व मिळते; भुईमुगाची पेंड आणि तांदळाचा कोंडा एवढ्यावर पिढ्यानपिढ्या मासा सरळ वाढला तो या न दिसणाऱ्या चाऱ्यामुळे. प्लॅस्टिकच्या अस्तराने माती आणि पाणी यांची ताटातूट केली. बायोफ्लॉकच्या टाकीत तर मुख्य भिस्त बाहेरून टाकलेल्या खाद्यावर. तिथे खाद्याची गोणी पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्याच्या उन्हात पडून राहिली असेल, तर तिच्यातले साधे क जीवनसत्त्व केव्हाच उडालेले असते. फॉस्फेटशी बांधलेली त्याची टिकाऊ रूपे आता मिळतात, पण ती गोणीत आहेत का हे कोणी विचारत नाही. पेंडीच्या टक्क्यांवर तासभर घासाघीस करणारे गिऱ्हाईक गोणीवरच्या या एका ओळीकडे बघतसुद्धा नाही.

दुसरा घटक स्फुरद. कॅल्शियम मासा कल्ल्यांतून पाण्यातून घेतो, आणि आपल्या काळ्या खडकाच्या मुलखात विहिरी-बोअरचे पाणी जड, त्यामुळे त्याची ददात सहसा नसते. स्फुरद मात्र खाण्यातूनच यावे लागते. पेंडीत, सोयाबीनमध्ये ते भरपूर असते, पण बराचसा भाग फायटेटच्या रूपात अडकलेला, आणि तो सोडवायचे साधन माशाकडे नाही. शिवाय रोहू-कटल्याला जठरच नाही, आम्ल नाही. मासळीच्या कुटीतल्या हाडांचे स्फुरदसुद्धा त्यांना नीट विरघळवता येत नाही. म्हणून कागदावर पुरेसे दिसणारे खाद्य पोटात अपुरे पडते. स्फुरद कमी पडले की कणा वाकतो असे पाठ्यपुस्तके बिनदिक्कत सांगत आली. 2016 मध्ये विटन यांच्याच गटाने सामनच्या पिलांवर दाखवले की प्रकरण इतके सरळ नाही: स्फुरद तोडल्यावर मणके मऊ, खनिजावाचून वाढले, पण त्यांची घडण शाबूत राहिली. हाड बनणे आणि हाड कडक होणे ही दोन वेगळी कामे आहेत, एक थांबले तरी दुसरे चालू राहते. वाकण्यासाठी मऊपणावर आणखी काहीतरी जोर पडावा लागतो. कार्प माशांवर असे बारीक काम व्हायला हवे, आणि ते आपल्याकडे होणेच योग्य.

जोर कुठून येतो याचे उत्तर भूमध्य समुद्राकाठच्या लोकांनी शोधले. ही माझी आवडती कथा आहे, म्हणून थोडा रेंगाळतो. 1980 च्या दशकात तिकडे सीबास आणि सीब्रीमच्या हॅचऱ्या निघाल्या आणि पिलेच्या पिले पाठीत मोडलेली निघू लागली. खाद्य बदलले, पाणी बदलले, गुण येईना. शेवटी लक्षात आले की या पिलांची हवेची पिशवी फुगलेलीच नाही. जन्मल्यावर काही दिवसच त्यांना पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेता येतो. मग घशापासून पिशवीकडे जाणारी नळी बंद होते. जिवंत खाद्यातून येणाऱ्या तेलाचा पातळ थर टाकीच्या पाण्यावर पसरला होता, आणि पिलाला तो फोडता येत नव्हता. पिशवी रिकामी, म्हणून बुडू नये यासाठी ते डोके वर करून अखंड पोहत राही, आणि त्या ओढीने कणा मधोमध आत जाई. पृष्ठभागावरचे तेल झाडून एका कोपऱ्यात गोळा करणारे साधे उपकरण टाकीवर बसवले आणि लॉर्डोसिस झपाट्याने कमी झाला. एवढा मोठा रोग, आणि उपाय साय काढण्याचा. पाण्याचा जोरदार प्रवाह लॉर्डोसिस वाढवतो हेही याच परंपरेत कळले. क्रीट, रोम, मोंपेलिए इथल्या संशोधकांनी त्यातून एक विचार रुजवला: विकृती ही संगोपनाच्या पद्धतीची साक्ष आहे. दाट टाकीत वाढवलेल्यांपेक्षा मोठ्या, विरळ, निसर्गाजवळच्या टाकीत वाढवलेली पिले सरळ निघतात. रोमच्या क्लारा बोग्लिओने आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये या साऱ्याचा दोन भागांत आढावा घेतला, आणि तो आजही या विषयाचे प्रवेशद्वार आहे.

महाराष्ट्राला याची गरज नाही असे कोणी समजू नये. रायगडच्या खारजमिनीतला जिताडा सीबासच्याच पद्धतीचा मासा, त्याच्याही पिलाला हवेचा पहिला घोट वेळेवर मिळावा लागतो. तमिळनाडूत राजीव गांधी सेंटर फॉर अ‍ॅक्वाकल्चरने त्याची हॅचरी उभारली आहे. कार्पची नळी आयुष्यभर उघडी राहते, म्हणून हे संकट त्यांच्यावर तितके ओढवत नाही. गोल हॅचरीतल्या प्रवाहाच्या जोराचा प्रश्न मात्र त्यांनाही लागू पडतो.

नॉर्वेची वाट निराळी. तिथे पैसा, मोजमाप आणि माशागणिक नोंद. अंडी उबवताना तापमान जरा वाढवले तर पिले लवकर मोठी होतात, हॅचरीला हंगाम गाठता येतो. पण सुमारे 8 अंशांपलीकडे सामनच्या मणक्यांत बिघाड वाढतो. घाई आणि कणा यांचा उभा दावा आहे. 8 अंश हा आकडा आपल्याला हास्यास्पद वाटेल, पण तत्त्व इथेही लागू आहे: प्रत्येक जातीची एक सुखाची पट्टी असते, आणि उशिरा आलेल्या पावसात, उघड्या उथळ सिमेंटच्या टाकीत, दुपारी ती ओलांडली जाते.

विषाची गोष्ट मराठवाड्यात टाळून चालणार नाही. कापसावर आणि सोयाबीनवर फवारलेले पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला लागते, आणि नेमका तोच बीज सोडण्याचा हंगाम. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशके स्नायू सैल होऊ देत नाहीत. अतितीव्र आकुंचनात माशाचा स्वतःचाच स्नायू त्याचा मणका मोडतो. ही विकृती जन्माची नव्हे, अपघाताची. वीज सोडून मासे मारण्याच्या बेकायदा धंद्यातही असेच होते: वाचलेल्या मोठ्या माशाचे मणके एकमेकांवर चेपलेले, भोवती रक्त साकळलेले. अशा माशाला ‘बीज खराब’ म्हणणे म्हणजे गाडीखाली आलेल्याला जन्मतः लंगडा म्हणणे.

जाता जाता हौशी मत्स्यालयांच्या दुकानांबद्दल. झरीच्या तळ्यात जो मासा बाजूला टाकला जातो त्याच्यासारखाच मासा मुंबईच्या दुकानात चढ्या भावाने जातो. बलून मॉली म्हणजे आखडलेल्या, जुळलेल्या मणक्यांची मॉली. रांचू गोल्डफिशला पाठीवरचा पर नाही आणि कमान मुद्दाम जोपासलेली. विकृती म्हणजे काय हे बाजार ठरवतो. त्या माशाला पोहताना काय वाटते हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सहसा कोणी विचारत नाही.

आणि एक अनपेक्षित वळण. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 मध्ये गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात रोहू, कटला, मृगळ यांचे वर्णन केले, त्याच ग्रंथात पट्ट्यापट्ट्यांच्या एका इवल्याशा माशाचेही केले. तो झेब्राफिश आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. 2016 मध्ये त्याच्यावरच्या कामातून दिसले की मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव नीट वाहिला नाही तर वाढत्या वयात कणा बाजूला वळतो. वाढत्या मुलांना होणारा, कारण न सापडणारा स्कोलिओसिस समजून घेण्यासाठी डॉक्टर आता माशाकडे बघतात. चार पायांच्या प्राण्यांत असा आपोआप होणारा वाक सहसा दिसत नाही, माशांत दिसतो.

हे सारे आत्ताच मराठीत का? 2020 मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना सुरू झाली, तेव्हापासून टाक्या, बायोफ्लॉक, दाट संगोपन गावोगाव पोचले आहे. आधी निसर्ग निम्मे काम करत असे. आता ते काम आपण अंगावर घेतले, ज्ञान मात्र त्या वेगाने पोचले नाही. परभणीत कृषी विद्यापीठ आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. माणसे आहेत. पण बीजाच्या पिशवीवर नग लिहिलेले असतात, आई-बाप किती होते, जिरे कोणत्या तारखेचे, काय खाऊन वाढले, यातले काहीच नाही. गाईच्या वळूची वंशावळ विचारणारा शेतकरी माशाच्या बाबतीत मुका राहतो.

या पुस्तकात मी अंड्यापासून बोटुकलीपर्यंतचा सांगाडा आधी दाखवला आहे, कारणे नंतर. उलट क्रमाने लिहिले असते तर वाचक कारणांची यादी घेऊन माशाकडे गेला असता. भर रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस आणि तिलापिया यांच्यावर आहे. सामन आणि सीबास येतात ते जिथे पुरावा त्यांच्याकडेच आहे तिथे, आणि एका माशाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावताना तसे स्पष्ट म्हटले आहे. औषधांचे नुस्खे नाहीत. एकदा जुळलेला मणका कोणत्याही भुकटीने सुटत नाही, तसे सांगून विकल्या जाणाऱ्या बाटल्या घेऊ नयेत. सीब्रीममध्ये काही लॉर्डोसिस वाढीबरोबर आपोआप सरळ होतो असे दिसले आहे, पण त्यात बाटलीचा वाटा नाही.

ज्याला पुस्तक न वाचता फक्त एक काम करायचे आहे त्याने हे करावे. पिशवी सोडायच्या आधी शंभर बोटुकल्या पांढऱ्या परातीत थोड्या पाण्यात घ्याव्यात. वरून पाहावे, बाजूचा वाक दिसतो. मग काचेच्या भांड्यात बाजूने, कुबड आणि खड्डा दिसतो. कल्ल्याची झाकणे दोन्ही अंगांनी पाहावीत, जबडा पाहावा. बिघडलेल्या किती ते तारीख, पुरवठादार आणि पाण्याचे तापमान यांसह वहीत लिहावे, आणि दोन महिन्यांनी त्याच तळ्यातल्या शंभर पुन्हा मोजाव्यात. आरंभीच आकडा मोठा असेल तर प्रश्न हॅचरीत. आरंभी लहान आणि नंतर वाढलेला असेल तर तो वाहतुकीनंतरचा: खाद्य, फवारणी, पाणी. मात्र क जीवनसत्त्वाच्या किंवा स्फुरदाच्या उपासमारीचा परिणाम उशिरा दिसतो, आणि तिची सुरुवात हॅचरीच्या नर्सरीत झालेली असू शकते. म्हणून त्याच खेपेचे बीज घेतलेल्या शेजाऱ्याचीही वही मागून घ्यावी. दोन्ही तळ्यांत सारखेच वाकडे निघाले तर बोट पुन्हा बीजाकडे जाते.

सागरी पिंजऱ्यांतली शेती इथे घेतलेली नाही. शोभेच्या माशांना एकच प्रकरण दिले आहे. तिलापियाच्या भागात केवळ नर निर्माण करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या संप्रेरकांचा मुद्दा येतो, पण हाडांपुरताच. मापनाचे तक्ते शेवटी सुट्या पानांवर छापले आहेत. ते फाडून तळ्यावर न्यावेत, भिजले तर झेरॉक्स काढून ठेवलेली बरी.